रेस दिली की बंद

स्टँडर्ड हेराल्ड ही स्पोर्ट्स कार आहे असं मानणारा महाराष्ट्रात मी एकटाच नसेन, पण दुसरा अजून भेटलेला नाही. माझा युक्तिवाद सरळ आहे. इंग्लंडात 1962 साली ट्रायम्फ स्पिटफायर नावाची दोन माणसांची उघडी गाडी निघाली. तिची चासी हेराल्डचीच, थोडी आखूड केलेली. दोघींचा अंगरखा बेतला तोही एकाच इटालियन शिंप्याने, जोव्हानी मिकेलॉत्तीने. म्हणजे मद्रासला तयार झालेली माझी हेराल्ड स्पिटफायरची सख्खी नातेवाईक. बायको म्हणते, नातेवाईक मोठा असला म्हणून आपण मोठे होत नाही. तिच्या माहेरी एक माजी आमदार आहेत, त्यामुळे मी वाद घालत नाही.

या स्पोर्ट्स कारला मिसिंगचा रोग जडला. चालता चालता करंट जायचा, गाडी दोन आचके द्यायची आणि बंद पडायची. बाजूला घेऊन किल्ली फिरवली की लगेच सुरू. कायमचा बिघाड बरा, तो समोर उभा तरी राहतो. हा मात्र मिस्त्री दिसला की सभ्य व्हायचा.

जुन्या गाडीत ठिणगीचा मार्ग असा: बॅटरीचे 12 व्होल्ट कॉइलमध्ये जातात. डेल्कोतले, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधले, पॉइंट उघडले की कॉइलमधून हजारो व्होल्टचा झटका निघतो, तो रोटरवरून टोपीत आणि तिथून 1-3-4-2 या क्रमाने प्लगवर पोचतो. पॉइंट जळू नयेत म्हणून शेजारी कंडेन्सर. संशयित इतके, आणि मी प्रत्येकाला शिक्षा केली. पॉइंट बदलले, गाडी ठणठणीत. मी चारचौघांत निदान सांगितलं. आठवड्यात पुन्हा आचके. मग कंडेन्सर बदलला, पुन्हा ठणठणीत, पुन्हा भाषण. तापल्यावर दम सोडणारी कॉइल, चीर गेलेला रोटर, ओल धरणारी टोपी: सगळ्यांवर आळ आला. पेट्रोलची वाफ होत असेल म्हणून पंपावर ओलं फडकंसुद्धा बांधलं. गाडी आपल्या मर्जीने बरी व्हायची आणि श्रेय शेवटी हात लावलेल्या वस्तूला मिळायचं. डिकीत निर्दोष सुट्या भागांचं दुकान जमलं.

अशात गणपती ठरवायला हमरापूरला निघालो. पेण तालुक्यातली हमरापूर, जोहे, कळवे ही गावं मूर्तींच्या कारखान्यांवरच चालतात. पावसाळ्यात जाल त्या पडवीत गणपती वाळत असतात. वाटेतल्या मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण 2011 साली सुरू झालं, त्यामुळे खड्ड्यांना दोष द्यायची सोय होती. खारपाड्याचा पूल ओलांडला आणि फाट्यावरून आत वळून पहिल्याच कारखान्यासमोर गाडी गचकली.

हेराल्डचं बॉनेट मडगार्डांसकट पुढे उलटतं. ते उघडल्याबरोबर माणसं जमली. एकाने प्लगच्या वायरी दाबल्या, गाडी सुरू झाली. "वायर ढिली होती." पुढे घेतली, बंद. दुसऱ्याने बॅटरीचं टर्मिनल ठोकलं, सुरू. "अर्थिंग." पुन्हा बंद. एस.टी.तून निवृत्त झालेले एक काका म्हणाले, "डिझेलला ही भानगडच नाही." हे खरं होतं, पण त्या क्षणी उपयोगाचं नव्हतं. मी प्लग काढून इंजिनावर टेकवला आणि सगळ्यांना निळी ठिणगी दाखवली. म्हणजे बिघाड नसल्याचा पुरावा मीच दिला.

आत एक दादा मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करत बसले होते. आमच्या गोंगाटाने वैतागून ते ब्रश घेऊनच बाहेर आले.

"उभी असली की नीट, रेस दिली की बंद. मग रेस दिल्यावर आत काय हलतं?"

हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता, आणि मी स्वतःला विचारणं शक्यच नव्हतं. मी वस्तू बदलण्यात गुंतलो होतो. उत्तर मात्र मला येत होतं. रेस दिली की कार्ब्युरेटरकडची हवेची ओढ बारीक नळीतून डेल्कोपर्यंत पोचते आणि पॉइंटखालची प्लेट किंचित फिरते, म्हणजे ठिणगी जरा लवकर पडावी. गाडी उभी असताना ती प्लेट हलतच नाही.

मी नळी काढून तोंडात धरली आणि ओढली. इंजिन बंद. सोडून सुरू केलं, पुन्हा ओढली, पुन्हा बंद. गणपतीच्या कारखान्यासमोर एक प्रौढ गृहस्थ मोटारीची नळी चोखतोय, हे पाहायला शाळेतली पोरं थांबली. बायको मूर्ती पाहायच्या निमित्ताने आत गेली, ती बराच वेळ बाहेर आली नाही.

डेल्कोच्या आत पॉइंटला जाणारी बोटभर वायर असते. बाहेरून धडधाकट, आतली तांब्याची तार प्लेटबरोबर वाकून वाकून तुटलेली. उभ्या गाडीत टोकं टेकायची, प्लेट फिरली की सुटायची. यात गाडी बनवणाऱ्यांचा दोष नाही, इतकी वर्षं रोज वाकवलं तर कोण टिकेल? दादांनी जुन्या टेबलफॅनची मऊ वायर कापून दिली आणि, माझा हात थरथरतोय असं पाहून, बसवलीही त्यांनीच. पैसे घेतले नाहीत. मूर्तीच्या किमतीत घासाघीस करायचं तोंड मात्र मला उरलं नाही.

गाडी परतीच्या वाटेवर एकदाही आचकली नाही. पनवेलला नेहमीच्या मिस्त्रीला मुद्दाम दाखवली. त्याने टोपी काढून वायर निरखली. "काम चांगलं केलंय. पण मी म्हणतो, कॉइल एकदा बदलून बघूया."

मी डिकी उघडली. कोणती लावायची यावर आमची चर्चा चांगली रंगली.