दुभाष्या पाहिजे

महाड-पोलादपूर भागात इंग्रजी शिकवायला तशी काही हरकत नाही, फक्त ती बोलायची कुणाशी हा प्रश्न आहे. पोलादपूर स्टँडवर उतरून कशेडीच्या पायथ्यापर्यंत चालत जा, वाटेत इंग्रजीवाचून अडलेला एकही माणूस भेटणार नाही. एमआयडीसीतल्या केमिकल कंपनीत मद्रासकडचा इंजिनिअर येतो, तोसुद्धा आठवड्याभरात टपरीवर ‘भाऊ, एक कटिंग’ म्हणायला लागतो. तरीही इंग्रजी आलंच पाहिजे यावर दोन्ही तालुक्यांचं एकमत आहे. असं एकमत दुसरं फक्त मुंबई-गोवा महामार्गाबद्दल आहे. त्याचं चौपदरीकरण २०११ पासून चालू आहे. माझ्या विद्यार्थ्यांचं इंग्रजी त्याहून जुनं.

इथे खरोखरचा इंग्रज कामासाठी आल्याची गोष्ट शोधायची तर मला थेट १६७४ सालात जावं लागतं. हेन्री ऑक्झिंडेन नावाचे साहेब ईस्ट इंडिया कंपनीच्या वतीने रायगडावर आले. निमित्त राज्याभिषेकाचं होतं, पण पोटातलं काम निराळं होतं. १६६१ साली राजापूरची वखार लुटली गेली होती, तिची नुकसानभरपाई पाहिजे होती. साहेब पाचाडला येऊन थडकले तर महाराज प्रतापगडावर भवानीच्या दर्शनाला गेलेले. साहेब बसले वाट बघत. ‘मोठे साहेब बाहेर गेलेत, बसा’ हे वाक्य आमच्या तालुक्यात एका इंग्रजानेही ऐकलेलं आहे, ही मला फार समाधानाची गोष्ट वाटते. आणि या साहेबांनी बरोबर काय आणलं होतं? नजराणा, आणि नारायण शेणवी नावाचा दुभाष्या. काम त्यांचं होतं, म्हणून भाषेची सोयही त्यांनीच केली. गडावरच्या कुणीही त्यांच्यासाठी स्पोकन इंग्लिशचा क्लास लावला नाही. त्या मुक्कामाचा एक किस्सा फ्रायर नावाच्या इंग्रज डॉक्टरने लिहून ठेवला आहे. एवढं मटण रोज खाणारी माणसं आहेत तरी कोण, हे बघायला म्हातारा खाटीक मुद्दाम गड चढून आला. गिऱ्हाईक आणि खाटीक यांच्यात काय बोलणं झालं असेल ते असो. व्यवहार चोख होता, म्हणजे व्याकरणाची अडचण आली नसावी.

मी पोलादपूर तालुक्यातल्या एका हायस्कूलात इंग्रजीचा मास्तर म्हणून चिकटलो आणि तिथेच निवृत्त झालो. ‘इंग्लिशचे सर’ या पदाला शाळेबाहेरही बरंच काम असतं. गावात औषधाची बाटली आली की माझ्याकडे. खताची गोण, मिक्सरचं वॉरंटी कार्ड, मुंबईच्या खोलीच्या भानगडीची कोर्टाची नोटीस, सगळं माझ्याकडे. एका आजीने डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली आणली. त्यावरचं अक्षर मुंगीनेसुद्धा चष्मा लावून वाचावं असं. मी बाटली दूर धरली, जवळ धरली, उन्हात धरली. आजी म्हणाली, “अवो, तुमी विंग्रजीचे ना?” म्हटलं, “आजी, इंग्रजी येतं, पण एवढं बारीक दिसत नाही.” आजी बाटली घेऊन गणिताच्या सरांकडे गेली.

वर्गातलं इंग्रजी त्या मानाने सोपं होतं, कारण तिथे उत्तराची अपेक्षा कुणालाच नसे. मी विचारायचं, पोरांनी खिडकीतून भाताच्या खाचरांकडे बघायचं. मात्र जे पोरांना पटायचं ते कायमचं पटायचं. कर्ता एक असेल तर क्रियापदाला एस लागतो, अनेक असतील तर कर्त्याला लागतो आणि क्रियापदाचा जातो, हे मी वर्षानुवर्षं घसा फोडून सांगत होतो. शेवटच्या बाकावरचा एक कातकरी पोरगा, जो कधी तोंड उघडत नसे, एकदा उठून म्हणाला, “म्हंजी सर, घरात छत्री एकच. जो भायेर जाल त्यानं न्यायची.” त्या दिवसापासून त्या वर्गात एस चुकला तर पोरं एकमेकांना ‘छत्री विसरला’ म्हणायची. मी बी.एड.ला व्याकरणाच्या अध्यापनावर जाडजूड टाचणं काढली होती. त्यांत छत्री नव्हती.

शेवटचा ‘ई’ मुका असतो आणि आधीच्या ‘ए’चा उच्चार लांबवतो, हाही नियम त्यांना फार आवडला. लगेच महामार्गावरच्या हिरव्या पाट्यांवर त्याचा प्रयोग झाला. रायगडाच्या वाटेवरचं नाते गाव वर्गात ‘नेट’ झालं. चिंतामणराव देशमुख या नात्याचे. १९१८ साली लंडनला आयसीएसच्या परीक्षेत पहिले आले, पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. तालुक्यातल्या प्रत्येक नापास मुलाला त्याच्या बापाने एकदा तरी त्यांचं नाव ऐकवलेलं असतं. एका बापाने माझ्यासमोरच ऐकवलं, तर मुलगा म्हणाला, “त्यांना नेट होतं.” बापाला वाटलं, पोरगं मोबाइलसाठी हट्ट करतंय. दोन कानाखाली बसल्या.

दहावीला निबंध यायचा, थंड हवेच्या ठिकाणाला दिलेली भेट. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढला की महाबळेश्वर. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांचे बाप, काके, मामे तिथल्या हॉटेलांत कामाला. कुणी घोडे धरणारा, कुणी भांडी घासणारा, कुणी सीझनला मक्याची कणसं भाजणारा. आणि झाडून सगळे निबंधात सिमल्याला जायचे. गाइडमध्ये सिमला होता ना! बर्फाचे गोळे काय मारायचे, लोकरीचे मोजे काय घालायचे. एकाला, ज्याचा बाप महाबळेश्वरला वेटर होता आणि जो स्वतः मे महिन्यात तिथे कपबश्या विसळायचा, मी म्हटलं, “अरे, महाबळेश्वर लिही की! तुला त्यातलं सगळं माहीत आहे.” तो अत्यंत शांतपणे म्हणाला, “सर, महाबळेश्वरला आपण जातो. व्हिजिट नाय करत.” मी गप्प बसलो. त्याला सिमल्याचे पूर्ण मार्क मिळाले.

प्राथमिक शाळांची कथा याहून रंगतदार. आमच्या आधीच्या पिढीला इंग्रजी आठवीत भेटायचं, आम्हाला पाचवीत. जून २००० मध्ये प्रा. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना ते पहिलीत आलं. निर्णय मुंबईत झाला आणि अंमलबजावणी वाडीवरच्या द्विशिक्षकी शाळेतल्या, निवृत्तीला टेकलेल्या गुरुजींकडे आली. केंद्रशाळेत त्यांचं प्रशिक्षण झालं, त्यात तज्ज्ञ म्हणून अस्मादिक. मुलांना कृतिगीतांतून शिकवा, नाचा, उड्या मारा, असं मी छातीठोकपणे सांगितलं. स्वतः अर्थात खुर्चीत बसून. एका गुरुजींनी ते फार मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी वाडीवर डोकं, खांदे, गुडघे, पायाची बोटं असा त्यांचा इंग्रजी कार्यक्रम सुरू झाला. टोपी उडाली, धोतराचा सोगा सुटला, पोरं टाळ्या पिटतायत. शेण घेऊन चाललेली एक म्हातारी खिडकीशी थबकली. घटकाभर बघून तिने हात जोडले. संध्याकाळी नारळ-अगरबत्ती घेऊन गुरुजींच्या दारात हजर. तिचा रेडा हरवला होता आणि गुरुजींच्या अंगात आलेलं तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. गुरुजींनी खूप समजावलं. म्हातारी ऐकेना. शेवटी सुटका म्हणून म्हणाले, “सावित्रीच्या पलीकडे बघ.” रेडा सावित्रीच्या पलीकडेच सापडला. त्या वाडीत इंग्रजीला जो मान आहे तो अजून टिकून आहे.

पहिलीतली पोरं सगळ्यांत आधी ‘मे आय कम इन सर’ शिकतात. तो एकच लांबलचक शब्द आहे अशा थाटात म्हणतात आणि उत्तराआधीच आत येऊन बसतात. हे ऐकताना मला कधीकधी दासगावात शिकलेल्या रामचंद्र बाबाजी मोरे यांची आठवण होते. शंभरावर वर्षांपूर्वी हा मुलगा शिष्यवृत्ती मिळवून महाडच्या इंग्रजी शाळेत गेला, तर अस्पृश्य म्हणून प्रवेश नाकारला. त्याने वर्तमानपत्रात पत्र धाडलं, तेव्हा कुठे प्रवेश मिळाला. पुढे मार्च १९२७ मध्ये ज्या परिषदेसाठी डॉ. आंबेडकर महाडला आले आणि चवदार तळ्यावर सत्याग्रह झाला, ती परिषद भरवण्यात हेच मोरे पुढे होते. ‘मे आय कम इन’ हा प्रश्न त्यांनी खरोखरच विचारला होता, आणि उत्तराची वाट पाहत बसले नाहीत. बाकी आम्ही सगळे पाठांतरवाले.

निवृत्तीनंतर महाडच्या बाजारात एका दुकानाच्या माडीवर संध्याकाळचा स्पोकन इंग्लिशचा वर्ग काढला. इथे येणारा प्रत्येक जण एका ठरावीक माणसाशी बोलता यावं म्हणून येतो. पोलादपूरहून एक ताई यायच्या. त्यांची मुलगी इंग्रजी माध्यमाच्या ज्युनिअर केजीत. डायरीत शेरा आला, पालकांनी भेटावं. ताईंची झोप उडाली. वर्गात रंगीत तालीम झाली. मी टीचर झालो, त्या पालक झाल्या, आणि मी इतका कडक वागलो की त्या रडकुंडीला आल्या. भेटून आल्या त्या हसतच. झालं असं की दोघींनी आधी गुड मॉर्निंग केलं, मग टीचरनी दोन वाक्यं टाकली, ताईंनी दोन परतवली, आणि दोघींचाही साठा संपला. टीचरनी उठून दार लोटलं आणि हळूच विचारलं, “तुमचं माहेर कापड्याचं का हो?” निघालं कापड्याचंच. टीचरची मावशी तिथेच दिलेली. तक्रार काय, तर मुलगी वर्गात मराठी बोलते. मुलीने मराठी बोलू नये म्हणून काय करावं, यावर दोघी अर्धा तास मराठीत बोलल्या.

कागदाला मात्र मावशी नसते. जुलै २०२१ च्या पुरात महाडची बाजारपेठ पाण्याखाली गेली. चिखल उपसून होतो न होतो तोच विम्याची पत्रं यायला लागली, सगळी इंग्रजीत. माझ्या वर्गात एकदम कापडवाले, किराणावाले, भांडीवाले दिसू लागले. शिकायला नव्हे, पत्र वाचून घ्यायला. पत्रात असायचं की खरेदीची मूळ बिलं आणि स्टॉक रजिस्टर सादर करा. दुकानदार म्हणायचा, “सर, बिलं पोहत गेली म्हणूनच तर हे मागतोय. बिलं राहिली असती तर माल नसता का राहिला?” हे मी सभ्य इंग्रजीत लिहायचो. उलट पत्र यायचं, तुमचं पत्र मिळालं, कृपया मूळ बिलं पाठवावीत. एकदा वैतागून दुकानदाराने पत्रावरच्या नंबरला फोन लावला, तर पलीकडचे साहेब म्हणाले, “अहो मी माणगावचाच! कळतं हो मला सगळं. पण तुम्ही ते इंग्रजीत लिहून पाठवा.” तेव्हा मला ऑक्झिंडेन साहेब आठवले. भरपाई मागणाऱ्याने दुभाष्या आणायचा, हा नियम काही बदललेला नाही. आता मागणारे आम्ही झालो आणि नारायण शेणव्याच्या जागी मी. राजापूरची कबूल झालेली भरपाई पदरात पाडून घ्यायला कंपनी वर्षानुवर्षं खेटे घालत होती, हेही मी दुकानदाराला धीर यावा म्हणून सांगितलं. त्याला धीर आला नाही.

आणि आमचे हवालदार. महाड तालुक्यात फौजी आंबवडे म्हणून गाव आहे, पहिल्या महायुद्धापासून तिथली घरं सैन्यात माणसं धाडत आली. त्याच बाजूचे हे निवृत्त हवालदार. वर्गात पहिले येणार, ताठ बसणार, दुसऱ्याने जांभई दिली तरी त्याच्याकडे बघणार. मुलगा न्यू जर्सीत, नातू तिथेच जन्मलेला. नातवाशी फोनवर इंग्रजीत बोलायचं, एवढंच त्यांचं ध्येय. अभ्यास कसा चाललाय, हवा कशी आहे, मित्र किती, असे प्रश्न आम्ही पाठ करून घेतले. कवायतीच्या सुरात, पण बिनचूक. वाढदिवसाला व्हिडिओ कॉल ठरला.

दुसऱ्या दिवशी हवालदार आले ते पडलेल्या चेहऱ्याने. “सर, माझं सगळं बरोबर गेलं. पण पोरगं जे बोललं त्यातलं एक अक्षर कळलं नाय. मधेच फक्त ‘आंबा’ कळलं.”

मी म्हटलं, “अमेरिकन उच्चार. सवय लागते हळूहळू.”

“तसं नाय. मागाहून सूनबाईंनी सांगितलं. तिकडं बृहन्महाराष्ट्र मंडळाची मराठी शाळा असते सुट्टीच्या दिवशी, तिथं घातलाय त्याला. आजोबांशी बोलायचं म्हणून महिनाभर पाठ करत होता. ते सगळं मराठी होतं.”

मला हसू आवरेना. हवालदार हसले नाहीत. त्यांनी खिशातून फीची पावती काढून टेबलावर ठेवली आणि पुढच्या महिन्याची आगाऊ भरलेली फी परत मिळेल का, असं विचारलं. मी म्हटलं, फी परत द्यायची पद्धत नाही.

हवालदारांनी जरा विचार केला. मग पावती पुन्हा घडी करून खिशात घातली, जागेवर जाऊन ताठ बसले आणि म्हणाले, “मग सर, या महिन्यात त्याचं मराठी मला कळेल असं काय तरी शिकवा.”