उपक्रमशील सर

मिरचीचा हंगाम आणि महाविद्यालयाच्या नॅक मूल्यांकनाची तयारी एकाच सुमारास आली, की दोंडाईच्याच्या आमच्या सरांच्या अंगात नवोपक्रम संचारतो. नाव सांगत नाही. असे एक सर गावोगावच्या महाविद्यालयांत असतातच. विषय अर्थशास्त्र. 2020 चं शैक्षणिक धोरण आल्यापासून सर शिकवत नाहीत, 'फॅसिलिटेट' करतात. पिवळ्या पडलेल्या नोट्स त्याच, फक्त आता पीपीटीवर चढल्यात.

मध्यंतरी त्यांनी 'फ्लिप्ड क्लासरूम' आणलं. व्हिडिओ घरी पाहायचा, चर्चा वर्गात करायची. कोलोरॅडोतल्या रसायनशास्त्राच्या दोन मास्तरांनी 2007 च्या सुमारास तास बुडणाऱ्या पोरांसाठी काढलेली ही युक्ती. सरांनी विचारलं, "व्हिडिओ कोणी पाहिला?" वर्ग चिडीचूप. शेवटी मागच्या बाकावरून आवाज आला, "रातले पानी भरानं व्हतं, सर." मग शेतीच्या रात्रीच्या विजेवर जी चर्चा पेटली, ती घंटा झाली तरी थांबेना. सरांनी 'सहभागी अध्ययन' अशी नोंद करून टाकली. (ती खोटीही नव्हती म्हणा.)

खरा पराक्रम मात्र मार्केट यार्डातला. मागणी-पुरवठ्याचं 'अनुभवात्मक अध्ययन'! आधी बॅनर छापून आला, मग विद्यार्थी गोळा झाले. लाल मिरचीच्या ढिगासमोर सर उभे राहिले, जिओटॅगचा कॅमेरा सुरू झाला आणि पहिली शिंक आली. मग दुसरी. मग अख्खा वर्ग. अक्षांश-रेखांश स्पष्ट आणि डोळे मिटलेले, असे सगळे फोटो निघाले. हमाल हातातलं काम टाकून बघत होते.

नाक पुसत सर म्हणाले, "आवक कालइतकीच, मागणी कालइतकीच. मग आज भाव का पडला?"

एका पोरानं ढिगातली मिरची उचलली, मुठीत दाबली आणि ओला तळवा सरांपुढे धरला. "वली शे, सर. म्हनीसन भाव पडना. वाळाडीसन किती ऱ्हाई, ते व्यापारी आधीच धरी लेस."

सर क्षणभर थांबले. "शाब्बास! पण हे आपल्या आलेखात बसत नाही," म्हणाले, आणि त्याला बॅनरची डावी बाजू वर धरायला सांगितली.

सत्राअखेर पेपरात प्रश्न आला: मागणीचा नियम सांगा. पोरानं नोट्समधली व्याख्या जशीच्या तशी लिहिली. पैकीच्या पैकी मिळाले.