सपाट म्हणजे किती सपाट

एस्टीमचं इंजिन जरा तिखट करून घ्यावं, अशी हौस मला पन्नाशीत सुचली. ब्लॉक डिकीत घातला आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरात नेला. मिस्त्रींनी त्यावर तळहात ठेवला आणि म्हणाले, "उन्हातनं आलाय. चहा घ्या."

मला वाटलं, पाहुणचार. पण ब्लॉक ॲल्युमिनियमचा, आणि ते तापल्यावर बिडाच्या जवळजवळ दुप्पट पसरतं. ३५० मिलिमीटर लांबीचा ब्लॉक १० अंशांनी निवला की ०.०८ मिलिमीटर आखडतो, आणि आमचा सगळा वाद सपाटीतल्या ०.०५ चा! चहा दोनदा झाला.

मग त्यांनी डेकवर, म्हणजे ब्लॉकच्या ज्या माथ्यावर हेड बसतं त्यावर, स्ट्रेट एज उभी, आडवी, तिरकी ठेवून पाहिली. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मधे फिलर गेजचं पातं सुळकन आत गेलं.

"पण दिसतंय तर आरशासारखं!" मी म्हणालो.

"दिसायला काय वो, आमचा जावईबी सरळ दिसतोय."

डेक सपाट करताना किती उतरवायचं, यावर मी उदारपणे म्हणालो, "घ्या की भरपूर, कॉम्प्रेशन वाढेल." ७४ मिलिमीटरच्या बोअरवर ०.२ मिलिमीटर उतरवलं, तर प्रत्येक सिलिंडरची ०.८६ घन सेंटीमीटर जागा जाते, म्हणजे चहाच्या चमच्याचा सहावा हिस्सा. मला ते किरकोळ वाटलं. मिस्त्रींना नाही. "पिस्टन हेडला भेटायला येतंय मग. काढायला मी हाय, परत चिकटवायला कुणाला बोलवायचं?" सौदा ०.१ वर तुटला.

पुढचे दोन तास कापाकापी नाहीच. डेक क्रँकच्या मध्यरेषेला समांतर हवा, म्हणून ब्लॉक क्रँकच्या बोअरवरून बसवला. चारही कोपऱ्यांवर डायल फिरवायचा, काटा केसभर हलला की हातोडीची टिचकी, पुन्हा डायल. आमच्या आईनं गौरी बसवताना एवढी कुरकुर केली नसती.

प्रत्यक्ष कट काही मिनिटांचा. ॲल्युमिनियम चिकट, कटरच्या इन्सर्टला लगटतं, म्हणून वरून रॉकेलची धार. पण याच डेकमध्ये बिडाचे चार लायनरही बसलेले. त्यामुळे कटर मऊ धातूवर सुस्स करत सरकायचा आणि लायनर आला की कर्र करून दात खायचा. इकडे खोबऱ्यासारखा चंदेरी किस, तिकडे काळी भुकटी. मी मोहून बोट लावायला गेलो, तर मिस्त्रींनी फटकन हात बाजूला केला.

रात्री मोजे झटकले तर फरशीवर किस सांडला. मी तेवढ्यात पोळपाटावर स्टीलची पट्टी ठेवून पाहिली. मधल्या खड्ड्यात फिलर गेजची सगळी पाती एकदम गेली असती. हे मी बायकोला सांगितलं.

"पोळी फुगते ना?"

"फुगते."

"मग पट्टी उचल."