कोपऱ्यावरची जपानी

"ताई, धुणं मागून वाळत घाला. आधी इकडं या कुंपणाशी. कोपऱ्यावरच्यांचा पोरगा ऐंशी हजार भरून आला म्हणं आरटीओत!"

"ऐंशी हजार? नवी गाडी घेतली काय?"

"नवी कशाची मायबाई! त्याच जुन्या डब्याला. अजून पाच वर्षं चालवायची परवानगी काढली."

वहिनींच्या बातम्या मी निम्म्या धरते. पण ओट्यावर आमचे हे पेपर वाचत बसले होते. ह्यांची उभी हयात आरटीओच्या कागदपत्रांत गेलेली. पेपर खाली न करताच बोलले, "बरोबर आहे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. मग दर पाच वर्षांनी नवी करायची. एप्रिल २०२२ पासून आपल्या इथल्या गाडीला ५,००० अन् परदेशातून आलेल्या गाडीला ४०,००० झाले. २०२५ च्या ऑगस्टात फर्मान निघालं, वीस वर्षं उलटली की दोन्ही दुप्पट. आपल्याला १०,०००, त्याला ८०,०००."

"पण ती परदेशातली कुठंय भाऊजी?" वहिनींचं बरोबर होतं. "समोर शेवरोलेची सोनेरी खूण आहे की. शेवरोले म्हणजे गुजरातची, हलोलची."

इथंच तर सगळी गोम आहे, अन् ती मला त्या पोरानं एकदा चहा पिता पिता सांगितलेली. त्या गाडीचं नाव फॉरेस्टर. नाव अमेरिकी कंपनीचं, पण आतलं सगळं सुबारूचं, अख्खी जपानात बनून जहाजानं आलेली. जनरल मोटर्सचा त्या वेळी सुबारूच्या मालकांत, म्हणजे फुजी हेवी इंडस्ट्रीजमध्ये, वीस टक्के हिस्सा होता. म्हणून भारतात ती शेवरोलेच्या दुकानातून विकली. पुढं ऑक्टोबर २००५ मध्ये जनरल मोटर्सनं हिस्सा विकून टाकला, त्यातला काही टोयोटानं घेतला. त्याच दिवाळीत पुण्यात कुणीतरी पूजा करून ही गाडी घरी नेली. म्हणजे आईबाप विभक्त झाले अन् लेकरू सासरी निघालं, एकाच मुहूर्तावर. २०१७ च्या अखेरीस जनरल मोटर्सनं भारतात गाड्या विकायचंच बंद केलं, तेव्हा बिचारीला माहेरही उरलं नाही.

"अन् हा गेला पुण्याला अन् घेऊन आला," वहिनी म्हणाल्या. "एमएच १२ ची पाटी आमच्या एमएच २२ च्या गल्लीत. पहिल्या दिवशी तर मला वाटलं, त्यांच्या म्हाताऱ्याला काही झालं. मागून लांब, पांढरी, सपाट. मी यांना म्हणलं, अहो पळा, ॲम्बुलन्स आली."

खोटं नाही. आपल्याकडं गाडीला मागं वेगळी डिक्की लागते, नाहीतर मग सात माणसं बसतील अशी जीप लागते. मधलं काही लोकांना पटत नाही. टाटांची इस्टेट आली १९९२ ला, मारुतीची बलेनो अल्टुरा आली, ओपेलची स्विंग आली, इंडिगोची मरीना आली. सगळ्या चांगल्या, अन् सगळ्या गेल्या. अल्टुरा तर तशी जपानीच, सुझुकीची. आमच्या नात्यात एकाकडं होती. सोळाशेचं इंजिन, चौऱ्याण्णव अश्वशक्ती, मागं अख्खा संसार मावायचा. पण लग्नात ती कुणी फुलांनी सजवली नाही कधी. सजवायची ती पुढची इस्टीम.

"पण मला एक सांगा," वहिनी कुंपणावर कोपर टेकून सावरून उभ्या राहिल्या, म्हणजे आता धुणं गेलंच माझं. "एवढी जपानी गाडीच पाहिजे होती तर सरळ जपानातून जुनी मागवायची. माझी नणंद सांगत होती, श्रीलंकेत म्हणं सगळ्या तशाच. केनियात पण."

हेही त्यानंच सांगितलंय. जपानात गाडीला दर दोन वर्षांनी कडक तपासणी असते, त्याला भरपूर खर्च येतो, म्हणून तिथले लोक चांगल्या गाड्या लवकर काढतात अन् त्या जहाजानं जगभर जातात. आपल्याकडं मात्र जुनी गाडी आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जास्त जुनी नको, स्टेअरिंग उजवीकडं पाहिजे, उतरायची मुंबईच्या बंदरात, अन् वर किमतीपेक्षाही जास्त कर. नाहीतर मग पार म्हातारी आणा. २०२५ च्या फेब्रुवारीत सरकारनं पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना वाट मोकळी केली. म्हणजे तीनच्या पुढची अन् पन्नासच्या आतली, दार बंद. नेमक्या त्याच्या आवडीच्या साऱ्या त्या मधल्या वयातल्या.

त्याच्या खोलीत भिंतीवर फोटो आहेत. त्याची आई म्हणते देवाचा एक नाही. निस्सानची स्टेजिया, दिसायला साधी कुटुंबाची गाडी, पण एका प्रकारात शर्यतीच्या जीटी-आरचं इंजिन बसवलेलं. मित्सुबिशीची इव्हो, तिची २००५ ला लांब पाठीची काढलेली. सुबारूची लेगसी. मी विचारलं, अरे, सामान न्यायच्या गाडीत कशाला एवढी ताकद? तर म्हणाला, काकू, तिथल्या माणसालाही लेकरं असतात, म्हणून काय पाय आखडून घ्यायचा? यावर मला काही सुचलं नाही.

"इंजिन उलटं आहे म्हणं तिचं," वहिनींचा आवाज खाली गेला, जणू इंजिनाला पायाळू म्हणायलेत. "जिंतूर रोडच्या मिस्त्रीनं बॉनेट उघडलं अन् विचारलं, इंजिन कुठंय?"

उलटं नाही, आडवं. आपल्या गाड्यांत दट्ट्ये उभे वरखाली होतात. हिच्यात दोन इकडं दोन तिकडं, आडवे निजलेले, अन् झिम्म्यात दोघींचे हात एकदम जवळ येतात अन् एकदम लांब जातात तसे चालतात. त्यामुळं हादरा हादऱ्याला खाऊन टाकतो. वजन खाली राहतं, वळणावर गाडी कलत नाही. दोन हजार सीसीचं इंजिन, आमच्या जुन्या मारुती ८०० च्या तिप्पट ताकद. पण त्याची किंमत मोजावी लागते ती मिस्त्रीला. साधे प्लग बदलायचे तर ते दोन्ही बाजूंना, खाली, पार अंगाला चिकटून. बॅटरी काढा, हवेचा डबा काढा, मग मनगट वाकडं करून पाना घाला. त्या मिस्त्रीनं पहिल्या वेळी अख्खा दिवस घालवला अन् शिव्या जपानला दिल्या. आता म्हणं फक्त याचीच गाडी तो स्वतः हातात घेतो, पोरांना शिवू देत नाही. खुमखुमी लागते माणसाला.

"अन् पार्सलं!" वहिनी म्हणाल्या. "रोज एक येतं. त्याचा आतेभाऊ शारजाहून आला तर बॅगेत खजूर कमी अन् रबरं जास्त. आई म्हणाली, मला वाटलं पोरानं माझ्यासाठी काही आणवलं, उघडून पाहते तर काळं तेलकट!"

"बुश असतील. चाकाच्या सांध्यांची."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

मला आता सगळंच ठाऊक आहे. स्प्रिंगा बदलल्या, शॉकअप बदलले, ब्रेकचे पॅड चांगल्यातले घातले, टायर चांगले घातले. पाण्याच्या नळ्या साऱ्या नव्या. परभणीच्या मे महिन्यात माणूस वितळतं, तिथं जपानी रेडिएटरनं काय करायचं? इथं त्यानं सगळ्यात जास्त पैसा ओतला अन् तोच मला शहाणपणाचा वाटला. बाकी पेट्रोलात आता वीस टक्के इथेनॉल असतं, जुन्या गाडीच्या रबराला ते मानवत नाही, म्हणून पेट्रोलच्या नळ्याही बदलल्या. बाहेरून मात्र काही नाही. ना पट्टे, ना मागं पंख, ना फटफट करणारा सायलेन्सर.

"ते भ्यायलं असेल," ओट्यावरून आवाज आला. पेपर अजून तोंडासमोरच. "मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. कंपनीनं जे लिहून दिलं अन् आरसी बुकात जे छापलं त्याहून गाडी वेगळी करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं पण तेच सांगितलं. त्याच वर्षी दुरुस्ती आली, एका बदलाला ५,००० दंड, सहा महिन्यांपर्यंत आतही टाकतात."

"मग स्प्रिंगा?" मी विचारलं.

"झिजलेल्या बदलल्या तर दुरुस्ती. गाडीचा अवतार बदलला तर बदल. इंजिन बदललं तर बुकात नोंद. मधलं जे आहे ते फिटनेसच्या दिवशी साहेबाच्या नजरेवर." आणि पेपराचं पान उलटलं.

त्याच्या मनात इंजिन होतंच. फॉरेस्टर ही इंप्रेझाच्या सांगाड्यावर उभी. ती इंप्रेझा, जिनं १९९५, ९६ अन् ९७ अशी तिन्ही वर्षं जागतिक रॅलीचं कंपन्यांचं विजेतेपद नेलं. तिचं टर्बोचं इंजिन हिच्यात बसतं, नटबोल्टसुद्धा जुळतात, असं तो म्हणतो. हिशेबही झाला होता म्हणं. मग अडलं कुठं? पेट्रोलवर. तशा इंजिनाला शंभर ऑक्टेनचं पेट्रोल पाहिजे. इंडियन ऑइलनं ते डिसेंबर २०२० ला काढलं, पण पुण्या-मुंबईसारख्या दहा शहरांत. परभणीत कुठलं!

अन् परभणीत साधं पेट्रोल तरी काय भावानं मिळतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. टँकर मनमाडहून येणार, त्याचं भाडं आपल्या डोक्यावर. एप्रिल २०२२ मध्ये लिटरला १२० च्या पुढं गेलं तेव्हा टीव्हीवाले आले होते आपल्या पंपावर. जगात जर्मनी, भारतात परभणी, ते हे असं खरं झालं. त्यात ही बया लिटरला आठ-नऊ किलोमीटर देते. वहिनींनी लगेच बोटांवर मोजलं, गंगाखेडला जनाबाईच्या दर्शनाला जाऊन यायचं तर किती, अन् तोंडात पदर धरला.

"काही म्हणा, पैसा आहे म्हणून माज आहे," त्या म्हणाल्या.

हे मात्र मला पटत नाही, अन् मी तसं सांगितलंही. माज करायचा तर आपल्या गावात त्याची रीत ठरलेली आहे. पांढरी स्कॉर्पिओ घ्यायची, काचेवर 'दादा' लिहायचं, वसमत रोडला हॉर्न वाजवत जायचं. गावाला लांबून किंमत कळली पाहिजे. याच्या गाडीला गाव ॲम्बुलन्स समजतं, अन् हा हसतो. ज्या दागिन्याला सोनार सोडून कुणी ओळखत नाही तो मिरवायला कुणी घालत नसतं. पोरगं सकाळी सहाला उठून पाथरी रोडला एकटं जातं, खिडक्या उघड्या टाकून, अन् परत येऊन अंघोळ करून कामावर जातं. दारू नाही, पुढाऱ्याच्या मागं हिंडणं नाही. माझ्या घरात असं येड असतं तर मी बोलले असते, ते वेगळं.

"तसं कामाला आली एकदा," वहिनींना एकदम आठवलं. "सप्टेंबरात नाही का पाऊस झाला!"

२०२५ चा सप्टेंबर मराठवाड्यात कोण विसरेल? सोयाबीन उभ्या जागी सडलं. त्या दिवसांत कोपऱ्यावरचे दोघं काका-पुतणे पूर्णेकडच्या शेताला गेले होते. काका त्यांच्या मोठ्या पांढऱ्या गाडीत, हा डब्यात, मागं आजी अन् चार पोती. येताना पाणंदीत काळ्या मातीचा तो चिखल, पायातली चप्पल ठेवून घेणारा. काकांची गाडी उंच, रुंद, दोनशे फुटांवरून धाक वाटावा अशी, पण तिची मागचीच दोन चाकं ओढणारी. ती जागेवर फिरली अन् बुडली. हिची चारही चाकं ओढतात, सदा सर्वकाळ, बटण दाबायचं नाही की लिव्हर नाही. डबा डुलत डुलत आजीला घेऊन डांबरीवर आला. काकांची दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर लावून काढली. हे मला आजींनी सांगितलं, काकांनी नाही. काका म्हणतात टायर गुळगुळीत झाले होते.

"तरी काकांनीच म्हणं ऐंशी हजारांवरून लई आदळआपट केली," वहिनी म्हणाल्या. "एवढ्यात दुसरी जुनी गाडी आली असती. खरं का?"

"दोन आल्या असत्या."

"मग? आता पोरी बघायलेत त्याला. मागं सेलूचं स्थळ आलं होतं. मुलीच्या मामानं विचारलं, गाडी कोणती? आई म्हणाली शेवरोले. मामा म्हणाला, ती कंपनी तर बंद पडली की हो. किती सालची? दोन हजार पाच. झालं. पोहे तसेच ठेवून उठले नाहीत एवढंच. नंतर निरोप आला, पत्रिका जुळत नाही."

"त्यांनी जपानी आहे म्हणून सांगायचं की."

"सांगितलं ना पोरानं. अर्धा तास सांगितलं! चारही चाकं कशी ओढतात ते बशीवर चमचे ठेवून दाखवलं. त्यानंच तर बिघडलं." वहिनींनी इकडंतिकडं पाहिलं अन् अजून पुढं वाकल्या. "म्हणून आता ठरलंय. या रविवारी नांदेडचे येणारेत. डबा मागच्या गल्लीत न्यायचा अन् त्यांच्या दारात आमची डिझायर लावायची. आईनंच मागितली. पोराला अजून सांगितलेलं नाही."

"अन् मुलगी म्हणाली, चला एक चक्कर मारून येऊ, तर?"

वहिनी जरा थांबल्या. हा विचार कुणी केलेला दिसत नव्हता.

"तर आमचे हे जातील चालवायला," त्या म्हणाल्या. "चावी मी त्यांच्याकडंच ठेवणारे. आमची डिझायर त्या पोराच्या हातात? स्प्रिंगा बदलून आणील!"