रस्सा मागणारं गिऱ्हाईक

कोल्हापुरात राजारामपुरीच्या मुख्य रस्त्यावर आणि त्याला फुटणाऱ्या नंबरवारी गल्ल्यांत, शिकवण्या आणि कापडदुकानांच्या अधेमधे, मोमोज-चायनीजची छोटी दुकाने आहेत. दुपारी एक ते अडीचच्या दरम्यान तिथे हा गृहस्थ आढळतो. वय पंचेचाळीसच्या पुढे, खिशाला पेन, हातात गाडीची किल्ली. तो आपणहून येत नाही, त्याला आणावे लागते. आणणारी व्यक्ती म्हणजे बहुधा कॉलेजातली मुलगी किंवा पुण्याहून सुट्टीला आलेला भाचा. पाहुण्याला घ्यायला स्टेशनवर गेलेला आणि गाडीला उशीर म्हणून परीख पुलाखालून परत फिरलेला, असाही एक पोटप्रकार आहे. पावसाळ्यात पुलाखाली पाणी तुंबले की हा पोटप्रकार स्टेशनकडेच राहतो.

बसल्यावर तो आधी वार बघतो. बुधवार, शुक्रवार किंवा रविवार असेल तर चिकन, नाहीतर पनीर किंवा कोबी. हिमालयापलीकडच्या पदार्थाला कोल्हापूरचे वार लागू होतात का, असा प्रश्न त्याला पडत नाही. मेनूकार्ड तो मोठ्याने वाचतो, निम्म्यावर थांबतो आणि विचारतो, "ह्यात पोटभरीचं काय हाय?" कुणी काही सुचवायच्या आत स्वतःच मंचुरियन सांगून मोकळा होतो, कारण त्याच्या मते खरे चायनीज तेवढे तेच. या मंचुरियनचा जन्म मुंबईचा. कोलकात्यात वाढलेल्या नेल्सन वांग यांनी 1975 च्या सुमारास आले, लसूण, हिरवी मिरची आणि सोया सॉस एकत्र करून ते बनवले, असे सांगतात. मंचुरिया प्रांताचा त्यात नावापुरताच हात आहे. मोमोही मूळचा तिबेट-नेपाळकडचा.

स्टीम मोमोजची प्लेट आली की तो एक मोमो बोटांनी उघडून सारण तपासतो. "खारा मोदकच की हा," असा शेरा येतो, आणि तो अगदीच चुकीचा नसतो. पारी, सारण, वाफ ही रीत दोन्हीकडे एकच. फरक तांदळाच्या पिठाचा आणि मैद्याचा. तक्रार निघते ती पुढे. मोदकावर तूप तरी पडते, ह्याच्यावर काहीच नाही. मग लाल चटणीची वाटी जवळ ओढली जाते. सुक्या मिरच्या आणि लसणाच्या या चटणीने दिल्ली-मुंबईकडच्या माणसाच्या डोळ्यांत पाणी येते. कांदा-लसूण चटणीवर वाढलेला हा गृहस्थ निवाडा देतो, "गोड हाय." शेजवान चटणीचीही तीच गत. सिचुआन प्रांताच्या स्वयंपाकात जीभ बधिर करणारी जी मिरी असते, ती गोवा-कोकणात बांगड्याच्या कालवणात पडणाऱ्या तिरफळाच्याच कुळातली आहे. आपल्याकडच्या शेजवानमध्ये ती सहसा नसते, त्यामुळे त्याच्या निवाड्याला आधार मिळतो.

खरा पेच मात्र रश्शाचा. कोल्हापुरात मटणाच्या ताटाबरोबर तांबडा आणि पांढरा येतो, वाटी रिकामी झाली की वाढपी पुन्हा भरतो, आणि त्याचे वेगळे पैसे मागणे बहुतेक खानावळींत असभ्यपणाचे समजले जाते. या संस्कारात वाढलेल्या माणसाला कोरडी प्लेट अर्धवट वाटते. वाढणारा पोरगा परमुलखातला असणार अशी खात्री धरून तो हिंदीत शिरतो, "भाई, थोडा रस्सा देनेका." पोरगा म्हणतो, "दादा, रस्सा न्हाई, सूप हाय. त्येचं बिल येगळं हुतंय."

सूप येते. ते मंचाव असते, वर तळलेल्या नूडल्स. पहिला बाऊल त्याला आवडतो, तोंडाने तो कबूल करत नाही एवढेच. नूडल्सना तो शेव म्हणतो. बाऊल संपताच तो पुढे सरकवतो आणि गप्पांत दंग होतो. दुसरा येतो, तो पांढऱ्या रश्शासारखा आपसूक आला असे धरून चालतो. तिसऱ्याला मुलगी टेबलाखालून पाय मारते. बिलात सुपाच्या तीन ओळी दिसल्यावर तो चष्मा काढून पुसतो, पुन्हा वाचतो आणि गल्ल्यावर जाऊन शांतपणे विचारतो, "पाहुण्यांस्नी रश्श्याचं पैसे लावता व्हय?"

गल्ल्यावरचा माणूस हसतो, मुलगी लाजते, आणि सगळे मिळून त्याला अडाणी ठरवतात. हा अन्याय आहे. दार्जिलिंग-सिक्कीमकडच्या कितीतरी साध्या दुकानांत मोमोबरोबर पातळ सुपाची वाटी न मागता येते. उत्तर चीनमध्ये तर मोमोसारखे उकडलेले जियाओझ खाऊन झाल्यावर ज्या पाण्यात ते शिजले, तेच गरम पाणी पिण्याची जुनी पद्धत आहे. कोरड्या मोमोजना हसण्याचा हक्क त्यामुळे या गृहस्थालाच जातो. राजारामपुरीतल्या दुकानदारांनी प्लेटमागे एक वाटी सूप फुकट द्यावे. दुसऱ्या वाटीचे पैसे घ्यायला हरकत नाही.