नानांची फाईल

तुमच्याकडची सगळ्यात किमती वस्तू कोणती, असं सांगलीच्या गावभागातल्या नानांना विचारायची सोय नाही. काकूंना विचारलंत तर त्या हातातल्या बिल्वरांकडे बघतील. नातू मोबाईल छातीशी धरेल. नाना मात्र जानव्याला बांधलेली किल्ली सोडवतात, गोदरेजचं कपाट उघडतात आणि फाईल बाहेर काढतात. मग तुमची संध्याकाळ गेली म्हणून समजा.

फाईल निळ्या पुठ्ठ्याची. तिला बुटाच्या नाडीची गाठ. वर ठळक अक्षरांत 'महत्त्वाचे'. आत दुसरी फाईल, तिच्यावर 'अति महत्त्वाचे'. तिच्याही आत एक प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यावर काहीच लिहिलेलं नाही. "यावर लिहायचं नसतं," नाना आवाज खाली आणून सांगतात. पिशवीत घराचं इंडेक्स टू, प्रॉपर्टी कार्ड, मळ्याच्या तुकड्याचा सातबारा, पेन्शनची ऑर्डर आणि नानांचा शाळा सोडल्याचा दाखला. दाखल्यावर 'वर्तणूक : चांगली' असा शेरा आहे. काकूंशी वाजलं की हा दाखला बाहेर येतो. काकू म्हणतात, "त्या हेडमास्तरांना तुमच्याशी संसार नव्हता करायचा!"

नानांचा हिशेब सरळ आहे : वस्तू आज आहे, उद्या नाही, कागद पाहिजे. घरातला रेडिओ केव्हाच भंगारात गेला, पण पोस्टात पैसे भरून, शिक्का मारून आणलेलं त्याचं लायसन जागेवर आहे. ही लायसनची भानगड सरकारने ऐंशीच्या दशकातच संपवली, हे नानांना चांगलं ठाऊक आहे. "परत सुरू केली तर?" स्कूटर विकून जमाना झाला, आरसी बुकाची झेरॉक्स आहे. पहिल्या फ्रिजचं गॅरंटी कार्ड आहे. घरात सध्या तिसरा फ्रिज चालू आहे. उद्या चोर शिरला आणि फ्रिज उचलून निघाला, तर नाना त्याच्या मागे कार्ड घेऊन धावतील, "अहो, हे राहिलं!" म्हणत.

काकूंच्या आठ तोळ्यांवर मात्र त्यांचा राग आहे. ते माहेरचं सोनं, त्याला पावती नाही. आता आईने लेकीच्या अंगावर घातलेल्या दागिन्यांची पावती कुठून आणायची? पण नाना स्वस्थ बसणारे नव्हेत. विवाहित बाईच्या ५०० ग्रॅमपर्यंतच्या दागिन्यांना आयकराच्या छाप्यातही हात लावू नये, अशी प्रत्यक्ष कर मंडळाची १९९४ सालची सूचना आहे. तिची झेरॉक्स त्यांनी एका सीएकडून पैदा केली आणि फाईलला लावली.

"आपल्याकडे कोण मेला छापा घालतोय?" काकू.

"घातलाच तर?"

काकूंना वाटतं, एकदा घालावाच. निदान चार लोक घरी येतील.

नानांना सगळी गल्ली हसायची. हे हसणं थांबलं २०१९ च्या ऑगस्टमध्ये. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. त्या साली पाणी ५७ फुटांवर गेलं. गावभागात बोट आली. बोटीत आधी फाईल चढली, दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेली. मग काकू. मग नाना. कवळी घरातच वाटीत राहिली. पुढचे सगळे दिवस नाना छावणीत नुसता वरणभात गिळत होते, पण फाईलला थेंब लागला नव्हता.

पाणी ओसरलं. लोक घराकडे परतले तेव्हा गल्लीत चिखलाच्या जोडीला कागदांचा लगदा. कुणी रेशन कार्डावर जपून इस्त्री फिरवतोय, कुणी कपडे वाळवायच्या दोरीला चिमटे लावून खरेदीखत टांगलंय आणि त्याच्या शिक्क्याची जांभळी शाई ओघळून खाली ठिपकतेय. पंचनाम्याला माणसं आली. हे आणा, ते आणा सुरू झालं. अशा वेळी नाना कॉटवर मांडी घालून बसले आणि त्यांनी नाडीची गाठ सोडली. गल्लीतल्या बहुतेकांच्या व्यवहारांना नाना साक्षीदार होते आणि सही केली की एक प्रत स्वतःसाठी मागून घ्यायची त्यांची जुनी खोड. निम्म्या गल्लीचे कागद 'अति महत्त्वाचे'मध्ये सुखरूप होते. झेरॉक्सच का असेना, नक्कल काढायला दस्ताचा नंबर तरी मिळाला. त्या आठवड्यात नानांकडे इतका चहा आला की काकूंनी घरची चूल पेटवलीच नाही.

नाना हरले फक्त एकदा, नोव्हेंबरात. पेन्शनरांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. हल्ली अंगठा मशीनवर ठेवून देतात. म्हातारपणी बोटांच्या रेषा झिजतात, मशीन माणसाला ओळखत नाही. नानांनी अंगठा ठेवला, पुसला, परत ठेवला. नाही. मग त्यांनी फाईल उघडली आणि दाखल्यांची चळत काउंटरवर मांडली. क्लार्क पोरगा गमत्या असावा. म्हणाला, "आजोबा, हे सगळे तुम्ही जन्मल्याचे पुरावे. जिवंत असल्याचा कुठाय?"

दुसरा कुणी भडकला असता. नाना विचारात पडले. घरी येऊन मला म्हणाले, "पोराचा मुद्दा बिनतोड आहे हो."

शेवटी नातवाने मोबाईलसमोर त्यांचा चेहरा धरला, डोळे मिचकावायला लावले आणि काम झालं. नातू म्हणाला, आता हे ऑनलाईन आहे, कागदाची गरज नाही. नानांनी प्रिंट काढलीच. जिवंत असल्याच्या दोन झेरॉक्सही काढल्या, एक घरात आणि एक खिशात. रस्त्यात कुणी विचारलं तर?

यंदा त्यांनी मृत्युपत्र केलं. मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही, साधा कागद आणि दोन साक्षीदार पुरतात, हे वकिलांनी सांगितलं तेव्हा नाना दुखावले. साध्या कागदावर मरायचं म्हणजे काय! शेवटी रजिस्टर केलं तेव्हा समाधान झालं. घर मुलाला, मळ्याचा तुकडा मुलीला. फाईल कुणाला, यावर मात्र वकिलांचे दोन मसुदे फाटले, कारण घेणारा कुणी नाही. मुलगा म्हणाला, स्कॅन करून घेतो. नाना त्याच्याशी आठवडाभर बोलले नाहीत.

तुम्ही हसाल, हसा. पण हसून झाल्यावर आपल्या घराचं इंडेक्स टू कुठं ठेवलंय ते एकदा बघून घ्या. सापडलं तर दोन झेरॉक्स काढून ठेवा. सापडलं नाही तर नानांना भेटा, ते मार्ग सांगतील. जाताना आधारची प्रत मात्र न्या, तीही सही केलेली.