बॅकटिकशास्त्री

कंपायलरच्या सोर्स कोडमध्ये दोन तऱ्हेचा मजकूर असतो. एक यंत्रासाठी लिहिलेला. तो चुकला तर यंत्र बोंबलतं. दुसरा माणसांसाठी लिहिलेला, म्हणजे कॉमेंट. ती चुकली तर कोणीही बोंबलत नाही. आमचे शास्त्रीबुवा बोंबलतात.

शास्त्रीबुवा हा कोणी एक माणूस नव्हे, ही जमात आहे. बर्लिनमध्ये ती सापडते, बंगळुरूत सापडते आणि हिंजवडीत तर हटकून सापडते. दिवसा कुठल्याशा बँकेचं जावातलं जुनं सॉफ्टवेअर सांभाळायचं आणि रात्री जेवणं आटोपली, घर झोपलं की रस्ट या प्रोग्रॅमिंगच्या भाषेचा कंपायलर उघडून बसायचं. रस्टचा कंपायलर रस्टमध्येच लिहिलेला आहे, म्हणजे तो स्वतःलाच यंत्राच्या भाषेत उतरवतो. पहिल्यांदा हे कळल्यावर माणसं जरा वेळ गप्प होतात. बुवा होत नाहीत. बॉरो चेकर, टाइप इन्फरन्स वगैरे थोरामोठ्यांची वस्ती ओलांडून त्यांची नजर थेट तीन तिरप्या रेघांनी सुरू होणाऱ्या ओळींवर जाते. या ओळींना डॉक कॉमेंट म्हणतात. रस्टडॉक नावाचं अवजार त्या उचलतं आणि त्यांची सुबक पानं बनवतं. पानं सुबक व्हायची तर सगळ्या खुणा जागच्या जागी हव्यात. त्या नसतात, यावर बुवांचं आयुष्य उभं आहे.

त्यातलं त्यांचं आराध्य दैवत म्हणजे बॅकटिक. कीबोर्डवर एकच्या डावीकडे, टॅबच्या डोक्यावर जी तिरकी टिकली असते ती. हे बटण उभ्या आयुष्यात एकदाही न दाबता निवृत्त झालेले सज्जन मला माहीत आहेत, आणि त्यांचं काहीही अडलेलं नाही. कॉमेंटमध्ये कोडमधला शब्द आला की त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक बॅकटिक द्यायचा. मग तो पानावर वेगळ्या टायपात उमटतो. आता लिहिणाऱ्याने आधीचा दिला आणि नंतरचा विसरला, तर तो एकटा पडलेला बॅकटिक पुढच्या शब्दाच्या बॅकटिकशी जोडी जमवतो. तिथून परिच्छेदभर सगळ्या सोयरिकी चुकतात. साधं वाक्य कोडच्या टायपात, कोड साध्या टायपात. इतर माणसं अंदाजाने अर्थ लावून पुढे जातात. बुवांच्या घरात मात्र रात्री दीड वाजता आतून आवाज येतो, “अरे, अजून जागाच?” आणि बाहेरून उत्तर जातं, “एकच राहिलाय गं, लावतो नि येतो.”

बॅकटिक नसला म्हणून काय बिघडतं, असं विचारणाऱ्यासाठी बुवांनी एक हुकमी उदाहरण राखून ठेवलेलं असतं. रस्टमध्ये बाइटांची यादी लिहितात ती अशी: आधी ‘व्हेक’ आणि त्याला लागून कोनी कंसात ‘यू८’. कॉमेंटमध्ये हेच बॅकटिकशिवाय लिहिलं तर ब्राउझरला तो कोनी कंस म्हणजे एचटीएमएलचा टॅग वाटतो. टॅग ओळखीचा नसतो, म्हणून ब्राउझर तो गुपचूप गिळतो. पानावर उरतं नुसतं ‘व्हेक’. यादी आहे, कशाची ते गुलदस्त्यात. हे सांगताना बुवांचा आवाज चढतो. इथे त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर असतं, त्यामुळे त्यांना आवरणंही अवघड जातं.

दुरुस्ती एका टिकलीची, पण थाट बघावा. पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल सामील करून घेण्याची विनंती, उघडली की वर लाल ओळ, खाली हिरवी, आणि दोन्ही जुळ्या बहिणी. तपासणाऱ्याला फरक सापडण्यासाठी स्क्रीनला नाक लावावं लागतं. खाली बुवांचं निवेदन: काय बदललं, का बदललं, कोणत्या संकेताला धरून बदललं, आणि या बदलाने प्रोग्रॅमच्या वर्तनात काहीही फरक पडत नाही अशी ग्वाही. ही ग्वाही वाचून मला नेहमी वाटतं, की याची धास्ती कोणाला होती?

मग टायडी येतो. रस्टच्या कोठारात हा एक चौकीदार ठेवलेला आहे. ओळीच्या शेवटी मोकळी जागा राहिली, टॅब सापडला, ओळ १०० अक्षरांच्या पुढे गेली, की तो अडवतो. बुवांची दुरुस्तीची ओळ नेमकी ९९ अक्षरांची असते. तिच्यात दोन बॅकटिक घातले की १०१ होतात. मग शेवटचा शब्द खालच्या ओळीत ढकलायचा, तिथला त्याच्याही खाली, असं करत परिच्छेदाच्या तळाशी पोचेपर्यंत दोन टिकल्यांच्या बदलाला नऊ लाल आणि नऊ हिरव्या ओळी होतात. तपासणारा बिचारा त्या वेळी ट्रेट सोडवण्याच्या यंत्रणेत कुठेतरी गळ्यापर्यंत बुडालेला असतो. रस्टबॉटने चिठ्ठी त्याच्या नावाची काढली, एवढाच त्याचा गुन्हा. तो अठराच्या अठरा ओळी वाचतो, उसासा टाकतो आणि बोर्स नावाच्या यंत्राला मंजुरीचा हुकूम देतो. हुकमापुढे एक शब्द जोडतो: रोलअप.

हा रोलअप समजून घेण्यासारखा आहे. कोणताही बदल मुख्य शाखेत जाण्याआधी त्याची पूर्ण चाचणी होते. ढीगभर यंत्रं काही तास राबतात. एका टिकलीसाठी एवढी वीज जाळणं परवडत नाही. म्हणून वडापची जीप भरल्याशिवाय हलत नाही, तसे हे किरकोळ बदल एकत्र कोंबून मग सोडतात. त्यात एखाद्याचा बदल फसला, तर सगळ्यांना खाली उतरवून जीप परत. अशा वेळी बुवांची टिकली तीन-तीन दिवस रस्त्यात तिष्ठते आणि बुवा दर तासाला फोन काढून बघतात. घरच्यांना वाटतं, शेअर बाजार पडला असावा.

फसणारा बदल कधी बुवांचाही असतो, यावर बाहेरच्यांचा विश्वास बसत नाही. कॉमेंट बदलून काय मोडणार? मोडतं. रस्टच्या डॉक कॉमेंटमध्ये कोडचा नमुना दिला, तर चाचणीच्या वेळी तो खरोखर चालवून बघितला जातो. आणि नमुना ओळखायची एक खूण म्हणजे डावीकडे चार रिकाम्या जागा. कंपायलरशेजारीच नांदणाऱ्या स्टँडर्ड लायब्ररीत एखाद्या बुवांना एक टीप फार कडेला चिकटल्यासारखी वाटते. ते सौंदर्यदृष्टीने तिला चार घरं आत सरकवतात. झालं! यंत्र ते छानसं इंग्रजी वाक्य रस्टचा प्रोग्रॅम समजून कंपाइल करायला घेतं आणि पहिल्याच शब्दाला ठेचकाळतं. भाषेच्या व्याकरणात आयुष्य घालवलेल्या बुवांना त्यांचं शुद्ध वाक्य व्याकरणात बसत नाही असं एका यंत्राने ऐकवणं, हा प्रसंग बघणाऱ्यांना फार आवडतो.

बुवांची कीर्ती मात्र वाढत असते. रस्टच्या संकेतस्थळावर आभाराचं एक पान आहे. आवृत्तीगणिक तिथे योगदान करणाऱ्यांची नावं येतात आणि क्रम लागतो कमिटच्या, म्हणजे नोंदवलेल्या बदलांच्या, संख्येवर. अख्खी टाइप सिस्टिम उपसून नवी बसवणाऱ्याचा कमिट एक, बुवांचा स्वल्पविरामही एक. पहिला माणूस सहा महिन्यांत एक देतो; बुवा एका रविवारी चार देतात. हिशेब तुम्हीच करा. बुवा लग्नाचे असतील तर त्यांच्या बायोडाटात नोकरीच्या खालीच ‘रस्ट कंपायलरमध्ये योगदान’ अशी ओळ असते, आणि मुलीकडच्यांत कोणी संगणकातलं असेल तर ते आदराने सरसावून बसतात.

या कीर्तीचा एक काटा आहे. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये ‘ब्लेम’ नावाची सोय आहे. कोणती ओळ शेवटची कोणी बदलली, ते ती दाखवते. बॉरो चेकरमधल्या एखाद्या दुर्बोध परिच्छेदातल्या बॅकटिकची जोडी बुवांनी पूर्ण केली, की त्या ओळीपुढे बुवांचं नाव लागतं. दोन वर्षांनी झुरिककडचा कोणी संशोधक मोठ्या अदबीने विचारतो, की या परिच्छेदातली आयुर्मर्यादेची मांडणी आपण कशाच्या आधारे केलीत? बुवा दोन दिवस उत्तर देत नाहीत. तिसऱ्या दिवशी कळवतात, “त्यातला एक बॅकटिक माझा आहे.” निव्वळ फॉरमॅटिंगचे मोठे कमिट ब्लेममधून वगळावेत, म्हणून रस्टमध्ये आणि एलएलव्हीएम या दुसऱ्या कंपायलर-प्रकल्पातही खास एक फाइल ठेवलेली आहे. तिच्यात नोंद होणं हा मान की अपमान, यावर जमातीत एकमत नाही.

जमातीत पंथही आहेत. १९८७ मध्ये जन्मलेल्या जीसीसी या कंपायलरचे लोक सगळ्यांत कर्मठ. जीसीसी ज्या जीएनयू प्रकल्पाचा भाग आहे त्याच्या संहितेप्रमाणे कॉमेंटमध्ये वाक्य संपलं की दोन जागा सोडायच्या, एक नाही. इमॅक्स या संपादकाला वाक्य कुठे संपलं ते कळावं म्हणून. इमॅक्सला हात न लावलेली तरुण मुलंही आज निमूट दोन जागा सोडतात. याच जीसीसीत उघड दिसणारी चूक परवानगी न मागता दुरुस्त करण्याची मुभा आहे, आणि उघड म्हणजे काय याची कसोटी अफलातून आहे: तुमच्या कामाला सर्वांत जास्त नाकं मुरडणाऱ्या माणसालाही त्यात खोट काढता येणार नाही, तर ती उघड. हा नियम करणाऱ्याने माणसं ओळखली होती. एलएलव्हीएमवाल्यांचा पंथ वेगळा. तिथे कॉमेंटच्या सारांशाआधी ‘ब्रीफ’ अशी खूण लिहायची रीत होती. बुवांच्या एका पिढीने ती राहिली तिथे तिथे लावली. पुढे पहिलं वाक्य आपोआपच सारांश धरलं जाऊ लागलं, आणि २०१८ मध्ये ती खूण सरसकट उपटून टाकली. दोन्ही कामं तितक्याच निष्ठेने झाली.

बुवांच्या देव्हाऱ्यात संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ आहेत. आपल्या पुस्तकातली चूक दाखवणाऱ्याला कनूथ २ डॉलर ५६ सेंटचा चेक पाठवत. २५६ सेंट म्हणजे एक षोडशमान डॉलर, असा त्यांचा हिशेब. २००८ पासून ते खऱ्या चेकऐवजी सॅन सेरिफ नावाच्या काल्पनिक बँकेचं प्रमाणपत्र देतात, आणि लोक ते फ्रेम करून भिंतीवर लावतात. बुवांच्या मते सुसंस्कृत समाज असाच चालायला हवा. त्यांचं सल वेगळं आहे. एचटीटीपीच्या १९९६ च्या दस्तऐवजात ‘रेफरर’ हे नाव एक आर गळलेलंच उमटलं, आणि तोवर तसं लिहिणारी इतकी सॉफ्टवेअरं झाली होती, की तो आजतागायत परत आलेला नाही. कोडमधली चूक अमर होऊ शकते. बुवांचा अधिकार फक्त मर्त्य चुकांवर.

शत्रू दोन. पहिला टी-शर्टवाला. ऑक्टोबर २०२० मध्ये हॅक्टोबरफेस्ट या उपक्रमात दुरुस्त्यांच्या बदल्यात मिळणाऱ्या टी-शर्टसाठी लोकांनी जगभरच्या प्रकल्पांवर निरर्थक दुरुस्त्यांचा असा पाऊस पाडला, की प्रकल्पाच्या मालकाची संमती असेल तरच दुरुस्ती मोजायची, असा नियम महिना चालू असतानाच आणावा लागला. बुवांची टिकली आणि या लोकांची टिकली बाहेरून सारखीच दिसते, हे बुवांचं खरं दुःख. दुसरा शत्रू यंत्र. २०२२ मध्ये गो भाषेच्या १.१९ आवृत्तीपासून गोएफएमटी हे अवजार डॉक कॉमेंटमधल्या याद्या आणि शीर्षकंही स्वतःच नीट लावू लागलं. गोमधले बुवा त्या वर्षी एकदम म्हातारे दिसायला लागले.

आता माझी तक्रार. एका फंक्शनच्या डोक्यावर कॉमेंट असते: हे फंक्शन कधीही पॅनिक करत नाही, म्हणजे प्रोग्रॅम मध्येच पाडत नाही. ती लिहिली गेली तेव्हा खरी होती. मध्ये कोणीतरी कोड बदलला, आणि आता तिच्याखाली तिसऱ्याच ओळीत ‘अनरॅप’ बसलेला आहे, जो हाती काही न लागल्यास पॅनिक केल्याशिवाय राहत नाही. बुवा येतात. वाक्याचं पहिलं अक्षर मोठं करतात, ‘पॅनिक’ला दोन्हीकडून बॅकटिक देतात, शेवटी पूर्णविराम ठेवतात, समाधानाने जातात. तीन ओळी खाली बघत नाहीत, कारण त्या ओळींना तीन तिरप्या रेघा नसतात. आधी ते वाक्य गबाळं होतं तेव्हा वाचणाऱ्याला निदान शंका तरी यायची, की हे जुनं दिसतंय, खाली बघावं. आता ते इतकं टापटीप आहे, आणि ब्लेममध्ये तारीख इतकी ताजी आहे, की कोणी खाली बघत नाही.

तेव्हा तुमच्याकडे बुवांची दुरुस्ती तपासायला आली, तर टिकल्या मोजत बसू नका. त्या बरोबरच असणार. मंजूर करण्याआधी ते वाक्य खरं आहे का, एवढं मात्र बघा. बुवांनी ते बघितलेलं नाही.